नवरदेव घोड्यावर आहे तोवर

तहसीलच्या भिंतीवर आम्ही पोस्टर चिकटवत होतो. माझे हात कोपरापर्यंत खळीनं भरलेले, त्यामुळे फोन वाजत राहिला तरी उचलता येईना. शेवटी सोबतच्या पोरीनं माझ्या पिशवीतून तो काढला आणि कानाला धरला. संदीपान होता. त्याच्या मागं बायका किंचाळत होत्या, कुठंतरी घोडा खिंकाळत होता, आणि त्या सगळ्यावरून तो ओरडला, "ताई, वैजूला हाणलं. डोक्यात पाइप घातला. जालन्याला घेऊन निघालो, तुमी दवाखान्याच्या दारात उभ्या ऱ्हा, जल्दी." आमच्या कामात हाणमार नवी नाही. मला वाटलं, टाके पडतील, डोक्याला पट्टी बांधून हिंडेल आणि त्या पट्टीवरूनही आम्हाला हसवेल. दवाखान्याच्या फाटकात उभी राहिले तोवर हातावरची खळ वाळून कातडी ओढायला लागली होती. मग टेम्पो आला. ज्या टेम्पोवर सकाळी त्यांनी भोंगे बांधले होते, त्याच टेम्पोत, भोंग्यांच्या मधे, पोत्यांवर वैजू आडवा होता. त्याचं डोकं रेहाननं मांडीवर धरलेलं. डॉक्टर गाडीपाशीच आले, बोटानं पापणी उघडली, मनगट धरलं, सोडलं... आणि रेहानच्या खांद्यावर हात ठेवला. रेहान म्हणाला, "साहब, मला काय न्हाई झालं, त्याला बघा ना." तो हे परत परत म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी एका पेपराच्या आतल्या पानावर बातमी होती: भावकीच्या वादातून तरुणाचा मृत्यू. मी आजवर शेकडो पत्रकं लिहिली, वाटली, पोलिसांनी हिसकावलेली परत छापली. हे पहिलं लिखाण असं आहे की जे फक्त एका ओळीच्या विरोधात लिहिते आहे. भावकीचा वाद नव्हता. बांध कोरला नव्हता, विहिरीच्या पाण्याची पाळी चुकली नव्हती. बाजा थांबवायला सांगितला होता, आणि वैजूनं तो थांबवला नाही. एवढंच, आणि एवढ्यासाठी माणूस ठेचला. खटला उभा राहायचा आहे म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या पुढं, एवढं पुरे. बाकी काही मी गिळणार नाही.

वैजनाथ, म्हणजे आमचा वैजू, 'बारदान' या बँडचा बेंजोवाला आणि गायक. ज्यांनी लग्नाच्या वरातीत टेम्पोवरची बेंजो पार्टी ऐकलीय त्यांना ते वाद्य ठाऊक आहे: लाकडी फळीवर तारा, त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटनं, डाव्या हातानं बटनं दाबायची, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीनं तारा छेडायच्या, आणि आवाज भोंग्यातून असा फुटतो की खिडक्यांच्या काचा थरथरतात. वैजू पाटलाच्या घरचा. वडील लहानपणीच गेलेले, चुलत्यानं, तात्यांनी, वाढवलेला. ड्रमवाला संदीपान त्याच गावच्या मातंग वस्तीतला, वेशीबाहेरचा; त्याचा बाप हलगी वाजवायचा. गावात एकानं दुसऱ्याच्या उंबऱ्याला शिवायचं नाही, पण दोघंही शाळेच्या बाकावर ताल धरायचे आणि दोघंही त्यासाठी मार खायचे. वैजूला तात्यांनी शिकायला जालन्याला ठेवलं. तिथं तो कॉलेज सोडून जुन्या जालन्यात एका अँप्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला. दुकान आमच्या बेसवाल्या रेहानच्या अब्बांचं. अब्बांची स्वतःची बेंजो पार्टी होती. त्यांनी वैजूला बटनं शिकवली आणि एक नियमही: "दुल्हा घोडे पे है तब तक बाजा नहीं रुकता." दगड येवो, पाऊस येवो, कुणाची भांडणं लागोत, नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत हात थांबवायचा नाही. जो थांबवतो त्याला पुन्हा टेम्पोवर चढवत नाहीत.

पाटलाचं पोर भाड्यानं बेंजो वाजवतं, ही खबर गावात जायला वेळ लागला नाही. वैजू दिवाळीला घरी गेला तेव्हा पिशवीत त्याचा पहिला बेंजो होता. तात्यांनी तो अंगणात ठेवला, कुऱ्हाड उलटी धरून तिच्या तुंब्यानं फोडला, आणि तुकडे पाणी तापवायच्या बंबात घातले. मला हे वैजूनंच हसत सांगितलं होतं. मी विचारलं, मग तू काय केलंस? "काय करतो? पाणी मस्त तापलं होतं. अंघोळ केली." त्याचं हसणं असंच असायचं, दात दाखवून, आणि डोळ्यांत सगळी कुऱ्हाड तशीच. वैजू गरीब गाय नव्हता, हेही सांगून टाकते. मेलेल्या माणसाला लोक धुऊन-पुसून मांडतात, मला तो धुतलेला नकोय. केदारखेड्याच्या एका लग्नात कुणा दारुड्यानं रेहानला धर्मावरून शिवी हासडली आणि अँप्लिफायरला लाथ घातली, तर वैजूनं टेम्पोवरून उडी टाकून त्याचं थोबाड फोडलं. आणि गंमत बघा, उडी टाकायच्या आधी बेंजो संदीपानच्या हातात दिला: "वाजवत राह्य, नवरदेव घोड्यावर हाय." संदीपानला बेंजो येत नव्हता. तो एकच बटन दाबून बडवत राहिला आणि वरात त्यावरही नाचली.

मी त्यांच्यात शिरले ती मोर्च्यासाठी भोंगे मागायला. अब्बांच्या दुकानामागं बियाण्यांचं जुनं गोदाम होतं. शेजारपाजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली म्हणून या तिघांनी त्याच्या चारी भिंतींवर आणि पत्र्याखाली रिकामी पोती ठोकली होती. आत गेलं की सोयाबीनचा आणि धुळीचा वास यायचा, आणि स्वतःचा आवाज तोंडातच मरून पडायचा. म्हणून बँडचं नाव बारदान. पुढं पुण्यात कुणीतरी विचारलं, याचा गर्भितार्थ काय? वैजू म्हणाला, "पोतं." तर मी भोंगे मागितले आणि सोबत पत्रकाचा गठ्ठा ठेवला. वैजूनं एक पत्रक उचललं आणि बेंजोवर सूर धरून ते गायला लागला, अगदी 'आमच्या प्रमुख मागण्या' पासून. संदीपान ड्रमवर वाकून हसत होता. मला राग आला, पण चाल चांगली होती. तिथून मी 'पत्रकबाई' झाले आणि त्यांची गाणी लिहायला लागले. पहिलं गाणं नेलं तेव्हा वैजूनं कागद लांब धरला.

"हे काय हाय?"

"गाणं."

"न्हाई. ह्याच्यात मागण्या हायत. खाली 'आपले नम्र' एवढं राह्यलंय फक्त."

ओळी कापायला तो निर्दय होता. माझ्या दहा ओळींतल्या दोन ठेवायचा, आणि त्या दोन खरंच माझ्या असायच्या.

पण त्यांची सुरुवातीची गाणी तुम्ही ऐकली असतील तर त्यात बेंजो नाही, हे आठवा. वैजूला त्याची लाज वाटायची. लग्नात बेंजो, आणि 'खरं' गाणं म्हणजे गिटार, असं त्याच्या डोक्यात होतं. तो गिटार घेऊन, आवाज मऊ करून, शहरी मराठीत प्रेमाची गाणी गायचा. ती गाणी मोबाइलवर पसरली, कॉलेजच्या पोरांनी तोंडपाठ केली, औरंगाबादेत एका कॅफेनं त्यांना बोलावलं. त्या गाण्यांत काही वाईट नव्हतं, आणि त्यांचं तेवढंच वाईट होतं. दिवसा लग्नात शिव्या, धक्के, दगड खाऊन आलेला माणूस संध्याकाळी मायक्रोफोनपुढं चांदण्याबद्दल कुजबुजायचा. शेवटी संदीपाननं एका तालमीत काठ्या खाली टाकल्या. "वैज्या, तू गाताना दुसराच कोन तरी होऊन राह्यला. तुला 'नाही' म्हणताना ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. आपण न्हाई म्हणतो, न्हाई!" दोघांची झटापट झाली. गिटारीची मान मोडली, ती कुणी मोडली यावर दोघं पुढं कायम भांडत राहिले. दुसऱ्या दिवशी वैजू बेंजो घेऊन आला. भोंग्याऐवजी रेहाननं तो एका जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून सोडला, तारा ढिल्या केल्या, आणि चाल निम्म्यानं संथ केली. आवाज आला तो लग्नाचा नव्हता. जखमेवरची खपली कुणी नखानं हळूहळू काढतंय, तसा तो आवाज होता. रेहान म्हणाला, "अरे यार... ये तो आपला आवाज हाय." त्या दिवशी बारदान खऱ्या अर्थानं जन्मलं. आणि त्या दिवसापासून वैजूची एक सवय पक्की झाली: बेंजो जोडायच्या आधी तो मोकळ्या वायरीची पिन हातात घ्यायचा आणि तिच्या टोकावर अंगठा ठेवायचा. स्पीकरमधून घूंऽऽऽ असा आवाज यायचा. "लाइन जित्ती हाय," म्हणायचा, आणि मग सुरू.

आता 'वेस' या गाण्याबद्दल, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला परण्या म्हणतात. वैजूच्या गावात पाटलांचा, इतरांचा परण्या पारासमोर येऊन तासभर नाचतो. संदीपानच्या वस्तीतला परण्या वेशीतून आत आला की मात्र बाजा बंद. घोडा चालेल, नवरदेव चालेल, आवाज नाही. पार ओलांडून पुढं गेलं की मग वाजवा. असं कुठं लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर आम्ही ते जाळलं असतं. अब्बांच्या पार्टीसोबत वैजू पहिल्यांदा स्वतःच्या गावात वाजवायला गेला तो संदीपानच्या चुलतभावाच्या लग्नात. वेशीतून टेम्पो आत आला आणि पारावर बसलेल्या तात्यांनी हात वर केला. नुसता हात... वाहतूक पोलीस करतो तसा. आणि ज्या अब्बांनी दगडांतही बाजा थांबवला नव्हता, त्यांनी मान खाली घातली आणि हात थांबवला. "गाव का रिवाज है बेटा." ड्रमवर संदीपान होता, त्याच्या काठ्या हवेत. बेंजोवर वैजू, समोर त्याचाच चुलता. नवरदेव घोड्यावर होता आणि बाजा थांबला होता. घोड्याच्या टापा तेवढ्या वाजत होत्या. वैजू म्हणायचा, त्या टापा मला अजून ऐकू येतात, पत्रकबाई. तात्याच्या कुऱ्हाडीचा आवाज विसरलो, टापांचा न्हाई.

'वेस' मधे माझ्या पानभर मजकुरातल्या त्यानं दोनच ओळी ठेवल्या: 'वेशीतून बैल जातो, वेशीतून धूळ जाते, माझ्या गळ्यातला सूर तेवढा बाहेर राहतो.' आणि 'राहतो' नंतर चार मात्रा सगळं बंद. ड्रम नाही, बेंजो नाही, श्वास नाही. मग एकदम सगळं कोसळतं. तालमीत पहिल्यांदा ते झालं तेव्हा त्या पोत्यांच्या खोलीतली शांतता एवढी दाट होती की मी उठून दार उघडलं. हेच गाणं त्यांना पुण्या-मुंबईत घेऊन गेलं. लोकांना ते आवडलं. फार आवडलं! पुण्यातल्या एका कार्यक्रमाला मी गेले होते. महागडे बूट, उंचावलेले मोबाइल, आणि त्या चार मात्रा आल्या की अख्खा हॉल हात वर करून थांबायचा, कारण पुढं आवाज कोसळणार आणि आपण उड्या मारणार, हे पाठ झालेलं. दुसऱ्यांदा ते वाजवलं तेव्हा त्या शांततेत एक पोरगा किंचाळला, "वन, टू, थ्री, फोर!" सगळा हॉल हसला. संदीपानच्या काठ्या हवेतच राहिल्या. वैजूनं माइकचा स्टँड उचलला आणि स्टेजच्या लाकडावर आपटला, दोनदा, तिसऱ्यांदा, लाकूड फुटेपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला. मला आजही त्या टाळ्यांचा संताप येतो. पाइप घेऊन आलेल्यांचा संताप आहेच, पण त्यांना निदान त्या शांततेचा अर्थ माहीत होता.

परतीच्या गाडीत वैजू बेंजोची वायर गुंडाळत होता. मग म्हणाला, "आपण गप बसलो की गाव खूश होतं, आन् शहर नाचतं. ही जागा मोकळी ठेवायची न्हाई आता." पुढच्या तालमीपासून त्या चार मात्रांत सगळे थांबायचे आणि तो एकटा बेंजो वाजवायचा. चाल नव्हती ती. सगळी बटनं घासत वर नेलेली एक किंकाळी. शहरातल्या एका रेकॉर्डिंगवाल्यानं सांगितलं, हे कर्कश आहे, थोडं खाली घेऊ, लोकांना पूर्वीचा पॉज आवडतो. वैजू म्हणाला, "लोकांना सांगा, पॉज मेला." रेकॉर्डिंग त्यांनी जालन्यातच, पोत्यांच्या खोलीत केलं. त्या गाण्यांत हलगी आहे, फाटका स्पीकर आहे, पत्र्यावरून पळणारं मांजरही आहे. कॅफेवाल्यांनी बोलावणं बंद केलं. पण वस्त्यावस्त्यांतली पोरं ते गाणं लावायला लागली, आणि भोकरदनपासून परतूरपर्यंत 'बारदान'ला लग्नाची बोलावणी यायला लागली. पॉप बँड म्हणून निघालेली पोरं परत टेम्पोवर आली, फक्त आता लाज वाटत नव्हती.

मग संदीपानच्या धाकट्या भावाचं, करणचं लग्न ठरलं. संदीपानची आई तालमीच्या खोलीत आली, पहिल्यांदाच, आणि पोत्यावर बसून म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं जन्मभर दुसऱ्याच्या परण्याला वाजवलं. माझ्या थोरल्या दिराच्या पोराचा परण्या मुक्यानं गेल्ता, मी डोळ्यानं बघितला. माझं लेकरू वाजत गेलं पाहिजे. तुमी येवढे गाणे म्हणता, मंग इथं काय होतं तुमाला?" संदीपान चिडला. "आये, गाणं म्हणून आमी जालन्यात येतो. तुला तिथंच ऱ्हायचंय. दळण कुठून आणशील? पाणी कुठून भरशील?" त्यावर ती म्हणाली, "आतापर्यंत काय ते मला आणून देत होते का?" वैजू ऐकत होता. तो म्हणाला, "हात वर करणारा माझा चुलता हाय. मी वाजवतो. मला कोन हाणतंय? घरचाच हाय ना मी."

घरचाच हाय ना मी... हीच त्याची चूक. पाटलाच्या घरात जन्मलेलं पोरगंच ही चूक करू शकतं. संदीपाननं कधी केली नसती. त्याला माहीत होतं की घर नावाची गोष्ट वेशीपाशी संपते. मी पोलिसांत बंदोबस्ताचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, लग्न आहे, दंगल थोडीच आहे, गावातल्या गावात मिटवा, फार तर दोन शिपाई पाठवतो. मी म्हटलं, मीही येते. वैजू म्हणाला, "तू येऊ नको. तू आली की भाषण होतं. हे लग्न हाय, लग्नासारखं होऊ दे." म्हणून मी तहसीलच्या भिंतीपाशी होते. जे पुढं सांगते आहे ते संदीपान, रेहान आणि संदीपानच्या माउलीनं सांगितलेलं.

भर दुपारी परण्या निघाला. करण घोड्यावर, पुढं वस्तीतल्या बाया-पोरी, मागं टेम्पो. टेम्पोवर भोंगे, जनरेटर, ड्रमवर संदीपान, अँप्लिफायरपाशी रेहान, आणि पुढच्या फळीवर वैजू, गळ्यात बेंजो. वेशीतून आत आले. पारावर तात्या, त्यांच्या भोवती वैजूचे चुलतभाऊ. तात्यांनी हात वर केला. तसाच. वैजू वाजवत राहिला. तात्या उभे राहिले आणि हात तसाच ठेवला... संदीपान म्हणतो, म्हाताऱ्याला खरंच वाटत होतं की हे थांबणार. मग पहिला दगड आला, तो रेहानच्या कपाळावर. घोडा उधळला, घोडेवाल्यानं लगाम धरला. बाया रस्त्यावर बसल्या नाहीत, पळाल्या नाहीत, घोड्याभोवती कडं करून चालत राहिल्या. वस्तीच्या पोरांवर काठ्या पडत होत्या. संदीपानच्या हातावर काठी बसली, मधलं बोट मोडलं, तो दुसऱ्या हातानं ठोकत राहिला. मग कुणीतरी विळ्यानं जनरेटरची वायर कापली. भोंगे मेले. एकदम शांतता... तीच, गाण्यातली. पारावरून कुणीतरी हसलं, "झालं का वाजवून?"

आणि त्या शांततेत वैजूचा हात थांबला नाही. करंट नसलेल्या बेंजोवर तो वाजवत राहिला. करंट नसला की बेंजोच्या तारा शेजारच्यालाही ऐकू येत नाहीत, पण बटनं वाजतात. टक, टक, टक, टक. घोडा पारासमोरून जात होता, टापा वाजत होत्या, आणि टापांवर ती बटनं. त्याचा थोरला चुलतभाऊ, ज्यानं त्याला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं, तो टेम्पोच्या फळीवर चढला. वैजूनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "दादा, पोरगं घोड्यावर हाय अजून. जाऊ दे त्याला." पहिला पाइप खांद्यावर बसला. हात चालू. दुसरा पाठीत. हात चालू. घोडा पाराच्या पुढं गेला, शाळेच्या कोपऱ्याशी वळला, आणि मग तिसरा पाइप डोक्यावर बसला. संदीपान एक गोष्ट मला शपथेवर सांगतो आणि कोर्टातही सांगणार आहे: घोडा वळल्यावर बाजा थांबला, आधी नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. भावकीचा वाद. बंदोबस्ताला आलेले शिपाई चहाच्या हॉटेलात होते. तात्यांनी दहाव्याला टाहो फोडला, आमचं लेकरू गेलं, त्या वस्तीवाल्यांच्या नादी लागून गेलं. चिता त्यांनीच रचली, रडलेही तेच, आणि आता साक्षीदारांना समजवायलाही तेच फिरतात. वस्तीतल्या जखमींची तक्रार पोलिसांनी घ्यावी म्हणून आम्हाला ठाण्यासमोर रस्त्यात बसावं लागलं. आणि हा लेख लिहायला घेतला तेव्हा संदीपान माझ्यासमोर मोडक्या बोटाला पट्टी बांधून बसला होता. म्हणाला, "ताई, एक इचारू? तो मेला म्हणून तुमी लिहून राह्यल्या. मी मेलो असतो तर पेपरनं येवढी जागा दिली असती का?" मी पेन खाली ठेवला. "राग मानू नका. वैज्यालाबी मी हेच इचारलं असतं, त्यानं शिवी दिली असती. पण आमी जित्ते हाव. जित्त्याचंबी लिहा." लिहिलं, संदीपान. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्या, वाचणाऱ्यांनो.

संदीपानचं स्वतःचं लग्न येत्या हंगामात आहे. भावाच्या वेळी नको म्हणणारा तो, आता त्यानंच सांगून टाकलंय: परण्या वेशीतूनच जाईल, पारासमोरून, वाजत. आईनं होकाराची मान हलवली. परवा आम्ही पोत्यांच्या खोलीत भेटलो. वैजूचा बेंजो पोलिसांकडं जप्त आहे, त्याची जागा रिकामी. त्याच्या बाजूच्या भिंतीवरचं पोतं टेकून टेकून तेलकट झालेलं, आणि त्याची वायर तशीच लोंबतेय, एक टोक स्पीकरला, दुसरं मोकळं. रेहाननं बेस घेतला, संदीपाननं पट्टीसकट काठी धरली, आणि 'वेस' सुरू केलं. गायचं कुणी, हे ठरलं नव्हतं, संदीपान गायला. बेसूर, पण 'राहतो' पर्यंत पोचला. आणि तिथं आमच्या ध्यानात आलं की त्या चार मात्रांत फक्त वैजू असायचा. त्यानं भरलेली जागा परत मोकळी झाली होती. काठ्या हवेत. ती जुनी शांतता पोत्यांतून बाहेर यायला लागली... तेवढ्यात रेहान वाकला, मोकळ्या वायरीची पिन उचलली आणि तिच्या टोकावर अंगठा ठेवला. घूंऽऽऽ. चार मात्रा भरून. पाचवीला संदीपानची काठी बरोबर पडली.

गाणं संपलं.  संदीपान म्हणाला, "बराबर. परण्यालाबी हेच. घोडा पाराजवळ आला की अंगठा ठेव."

"आणि लाइन कापली तर?" रेहाननं विचारलं.

 संदीपाननं काठी उलटी धरली आणि ड्रमच्या लाकडी कडेवर वाजवायला लागला... टक, टक, टक, टक.